नाताळ कोणत्या चालीत गावा?

सण जितका डोळ्यांनी पाहायचा, तितकाच तो कानांनी ऐकायचा असतो. दिवाळी म्हटली की पहाटेची सनई, न्हाणीघरातला तांब्यांचा खणखणाट आणि शेजारच्या पोराने आपल्या आधी उडवलेला पहिला फटाका हे सारे एकदम कानात शिरते. गणपती म्हणजे झांजा. दसऱ्याचा आवाज आपट्याच्या पानांसारखाच हलका. शिमग्याचा आवाज मात्र छापण्याजोगा नाही, म्हणून तो सोडून देतो.

पण नाताळचा आवाज कोणता, असे आपल्यापैकी दहा जणांना विचारले, तर नऊ जण ‘जिंगल बेल्स’ गुणगुणू लागतील आणि दहावा तेच गाणे शिट्टीवर वाजवील. दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच मोठ्या दुकानांतून हे गाणे सुरू होते आणि पंचवीस डिसेंबरच्या रात्री, नळ बंद करावा तसे बंद होते.

गंमत अशी की, या गाण्यात नाताळ औषधालाही नाही. ना येशू, ना बेथलेहेम, ना तारा. एका घोड्याच्या घसरगाडीत बसून बर्फावरून भरधाव जाण्याची मौज, एवढाच त्याचा विषय. जेम्स पिअरपॉन्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ते १८५७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे नावसुद्धा घसरगाडीवरूनच होते. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे दुसरे गाजलेले गाणे बिंग क्रॉस्बीच्या आवाजात १९४२ साली घरोघर गेले. ते रचणारा अर्व्हिंग बर्लिन हा जन्माने ज्यू. गाणे गोड आहे, यात वाद नाही. पण बर्फ पडेल म्हणून नगर-सोलापूरकडच्या माणसाने वाट पाहायची म्हटली, तर त्याचा नाताळ कधी यायचाच नाही!

मग आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाचे नाताळचे गाणे कोणते? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, जिन्यात भेटला. आमच्या वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहते. नावगाव सांगत नाही. शेजाऱ्यांची नावे छापली की वाटीभर साखर मागायला तोंड राहत नाही. घरात आजी, त्यांचा बँकेत नोकरी करणारा मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि आठवीतला नातू. आजी नगर जिल्ह्यातल्या. त्यांचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचे प्रॉटेस्टंट. सूनबाई वसईच्या, कॅथलिक घरातल्या. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन परंपरा आणि दोन्ही मराठी. तिसऱ्या आठवड्यात आजींच्या करंज्या-शंकरपाळ्यांशेजारी सूनबाईंचे कुलकुल तळले जातात. आमच्या घरी येणाऱ्या ताटात दोन्ही असतात, म्हणून या ऐक्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

या घरात सूनबाईंनी एक नियम आणला आहे. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाताळचे गाणे म्हणायचे नाही. तारा टांगा, गव्हाणी मांडा, फराळ करा, गाणे नाही. नातवाच्या शाळेत नोव्हेंबरपासूनच तालमी चालतात. साहजिकच पोरगे चाल तोंडात घेऊनच घरी येते. मग आतून आवाज येतो, “अरे, बाळ अजून जन्माला यायचंय! आधीच पाळणा म्हणतात का?”

मला हा नियम ऐकता क्षणीच आवडला. त्यामागे जुना हिशेब आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार हा ‘आगमनकाळ’. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडणाऱ्या रविवारी सुरू होतो. कॅथलिक देवळांत या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो आणि रविवारच्या उपासनेतले आनंदाचे स्तोत्रही गाळतात. हे दिवस वाट पाहण्याचे. खरा नाताळ पंचवीस तारखेला सुरू होतो आणि सहा जानेवारीच्या सणापर्यंत बारा दिवस चालतो. म्हणजे दुकानातले गाणे जेव्हा थांबते, तेव्हा या घरातले गाणे नुकते सुरू झालेले असते. चातुर्मासात लग्ने काढू नयेत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. वाट पाहण्याचाही एक संस्कार असतो, हे आपण जाणतो. हल्ली आपणच तो विसरत चाललो आहोत. गणपती अजून कारखान्यात असतो आणि आरती ध्वनिक्षेपकावर सुरू होते.

परंतु घरातला खरा पेच वेगळाच होता. चोवीस तारीख उजाडली की गायचे काय?

आजींच्या उशाशी जुने, पाठ निसटलेले उपासनासंगीत असते. त्या पेटी वाजवतात. त्यांचे वडील खेडोपाडी हिंडून उपदेश करीत आणि भजने म्हणत. नाताळच्या रात्री गावात टाळ घेऊन मंडळी निघायची, ते आजी अजून सांगतात. त्यांची गाणी अभंगाच्या, साकीच्या, पदाच्या चालीची. नातवाला मात्र शाळेतल्या वाद्यवृंदाची सवय. तो एकदा म्हणाला, “आजी, तुझं गाणं ख्रिसमसचं वाटतच नाही. भजनासारखं वाटतं.”

“भजनच आहे ते,” आजी म्हणाल्या. “मग आणखी कशासारखं वाटायला हवं?”

दोघेही आपापल्या जागी ठाम. आणि मधे सापडलेले आमचे शेजारी मला जिन्यात गाठून म्हणाले, “सर, तुम्ही मराठीचे. तुम्हीच सांगा, आमचा नाताळ कोणत्या चालीतला?”

मास्तराला प्रश्न विचारणे हा धोक्याचा व्यवहार आहे. उत्तर तासभर चालते. पण विषयच असा आहे की तास पुरत नाही.

पहिली गोष्ट अशी की, मराठीत येशूजन्म गाण्याची परंपरा काल-परवाची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. जुनी पुराणे ऐकण्याला मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच घाटाचे काही हवे होते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या एम. ए. च्या वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो, आणि मुलेही त्या कौतुकाने लिहून घेतात. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचा जन्म ओवीत गायिलेला आहे, ही गोष्ट परीक्षेला येत नसल्यामुळे फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. ओवी ही जात्यावरची आणि पाळण्याजवळची. बाळाच्या जन्माची कथा सांगायला याहून जवळचे छंद कोणते असणार?

दुसरी गोष्ट नगरची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले ते बॉस्टनकडून. आता त्या मुलखाची मौज ऐका. तिथे प्युरिटन पंथाचा जोर. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ मध्ये उठला. पुढेही तेथील कडव्या मंडळींना या सणाचे फारसे प्रेम नव्हते आणि नाताळची सरकारी सुटी तिथे १८५६ साली सुरू झाली. मिशनने नगरला ठाणे दिले १८३१ साली. म्हणजे त्या पाहुण्यांच्या सामानात बायबल होते, छापखान्याचे खिळे होते. पण नाताळचा थाटमाट काही त्यांनी घरून बांधून आणलेला नव्हता. करंजी, कंदिलासारखा तारा, टाळ-पेटी हा सारा थाट इथल्या माणसांनी इथल्या सणांवरून उचलून आपलासा केला असावा, असे मला वाटते.

उपासनेची गाणी मात्र सुरुवातीला बहुतांशी इंग्रजीवरून भाषांतरित होऊन आली आणि इंग्रजी चालींतच गायिली जाऊ लागली. यातली अडचण मराठीच्या मास्तराला चटकन कळते. इंग्रजी पद्य आघातावर चालते. सुराचा जोर शब्दाच्या ठरावीक अवयवावर पडतो. मराठी अभंग अक्षरे मोजून चालतो. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. शिवाय बोलताना आपण ‘देव’ असा झटकन संपवतो, पण गाताना शेवटचा ‘व’ पूर्ण फुलतो, त्याला स्वतःची जागा लागते. अशी भाषा इंग्रजी चालीत कोंबली की सूर नेमका उंच चढतो तो ‘च्या’ किंवा ‘ला’ अशा एखाद्या प्रत्ययावर, आणि ‘प्रभु’ बिचारा खालच्या सुरात घाईघाईने उरकला जातो. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर. पण गाणाऱ्याच्या गळ्याला मात्र दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखे वाटते.

हा सदरा ज्यांनी बदलला त्यांत नगरचे कृष्णराव सांगळे होते. ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्याचा प्रघात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. आणि मग आले नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देव बदलला असे लोक म्हणाले. पण अभंग, भजन, कीर्तन यांतले त्यांनी काहीच टाकले नाही. फुलामुलांचा हा कवी ज्या भाषेत फुलाशी बोलत होता, त्याच भाषेत ख्रिस्ताशी बोलू लागला. मराठी ख्रिस्ती माणसाच्या उपासनासंगीतात आजही टिळकांची पदे पानोपानी भेटतात. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ आपण सारे वाचतो आणि हसता हसता डोळे पुसतो. पण शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम पेलले, हेही आठवले पाहिजे.

सूनबाईंच्या वसईची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९. ‘नाताळ’ हा आपला शब्दसुद्धा मूळ पोर्तुगीज. घरात, शेतात, लग्नात तिथला ख्रिस्ती माणूस आपल्या बोलीत गात असे. देवळातली मिस्सा मात्र शतकानुशतके लॅटिन. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली, त्यानंतर वेदीवरही मराठी आली. सूनबाई म्हणतात, “माझ्या आजीला लॅटिन पाठ होतं, पण अर्थ विचारला की म्हणायची, देवाला कळतो ना, झालं!” या वाक्यात श्रद्धा पुरेपूर आहे. पण आपल्या भाषेत देवाशी बोलता आले असते, तर ती आजी आणखी किती बोलली असती, असेही मनात येते.

आता नातवाची बाजू. ती हसण्यावारी नेण्याजोगी मुळीच नाही. चार निरनिराळ्या पट्ट्यांतले आवाज एकत्र गुंफून म्हटलेले इंग्रजी कॅरल ही फार देखणी गोष्ट आहे. आपल्या एकसुरी गाण्यात ते सुख नाही. पण नातवाला मी एवढेच सांगितले की, बाबा, तुझी ही विलायती गाणी जन्मली तेव्हा तीही अशीच घरगुती होती. मार्टिन ल्यूथरने घरच्या मुलाबाळांच्या नाताळासाठी जर्मन भाषेत गाणे रचले आणि १५३५ साली ते छापले, तेव्हा त्याला चाल दिली एका लोकगीताची, कोड्याच्या खेळात म्हणायच्या गाण्याची! ‘सायलेंट नाइट’ ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री प्रथम गायिले गेले. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्ट्स ग्रूबर या शाळामास्तराची आणि साथीला गिटार. उंदराने ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट मागाहून कोणीतरी जोडलेली दिसते. उंदराचा दोष असो वा नसो, देवळात गिटार वाजली आणि लॅटिन सोडून लोकांच्या जर्मन भाषेत पाळणा म्हटला गेला, हे खरे.

तेव्हा विचार करावा. ल्यूथरने कोड्याच्या गाण्याची चाल घेतली, मोरने गिटार घेतली, आणि आजींच्या वडिलांनी टाळ घेतले. तिघांनी केले ते एकच काम. मग दोन गाणी ‘ख्रिसमससारखी’ आणि तिसरे नाही, असे कसे?

आजींच्या टाळांना आक्षेप मात्र दोन्हीकडून आले. काही ख्रिस्ती मंडळींना टाळ-मृदंगात जुन्या धर्माचा वास येई; काही हिंदू मंडळींना ते धर्मप्रसाराचे सोंग वाटे. आजी दोन्ही पक्षांना एकच उत्तर देतात. “आम्ही देव निवडला. गळा काही बाजारातून नवा आणला नाही.” टिळकांवर मी वर्गात कितीतरी व्याख्याने दिली आहेत. हे वाक्य मिळाल्यापासून ती बरीच आखूड झाली आहेत.

हे सारे वादापुरते राहिले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. पण गेल्या नाताळात एक गोष्ट घडली. आजींना खोकल्याने गाठले होते. तेवीस तारखेच्या रात्री नेहमीप्रमाणे चर्चची तरुण मंडळी घरोघर गाणी म्हणत आली. आम्हीही जिन्यात उभे होतो. मुलांनी दोन इंग्रजी गाणी म्हटली, एक हिंदी म्हटले, छान म्हटले. मग शेजाऱ्यांनी सहज सुचवले, “आता आमच्या आईचं गाणं होऊन जाऊ द्या.” आईचे गाणे म्हणजे तिच्या वडिलांच्या चालीतले पद. मुले एकमेकांकडे पाहू लागली. पुस्तक आणले, शब्द मिळाले. चाल कोणालाच येत नव्हती. शेजाऱ्यांनी पहिली ओळ धरली, ती दुसऱ्या ओळीवर अडखळली. आजी खुर्चीत पुढे सरसावल्या, हाताने मांडीवर ठेका धरला, तोंड उघडले आणि खोकलाच आला. क्षणभर कोणी काही बोलेना. मग सूनबाईंनी करंज्यांचे ताट पुढे केले आणि वेळ साजरी झाली.

त्या रात्री त्या घराला एक गोष्ट कळली. पुस्तकात शब्द असतात. फार तर ‘चाल अमुक’ एवढा इशारा असतो. पण ज्या पदाच्या चालीवर म्हणायचे ते मूळ पदच विसरले गेले की इशारा मुका होतो. अशा कितीतरी चाली आता कोणा एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात उरल्या असतील. तो गळा बसला की संपले.

दुसऱ्या दिवशी नातू वर्गातला धडा चुकल्यासारखा गप्प होता. नाताळच्या बारा दिवसांत आजींचा आवाज परत आला, तेव्हा त्याने मोबाइलवर तीन गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. मी त्याचे कौतुक केले. सूनबाई मात्र म्हणाल्या, “मोबाइलमध्ये गाणं टिकेल, पण घरात राहायचं तर कोणाच्या तरी तोंडात असायला हवं.”

मग त्यांनीच तोड काढली. आगमनकाळात नाताळचे गाणे म्हणायचे नाही हा नियम कायम, पण शिकायचे! चार रविवार, चार मराठी पदे. शिकण्याला गाणे म्हणत नाहीत, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. धर्मशास्त्रात पळवाट काढण्याचे कौशल्य सर्व धर्मांतल्या गृहिणींत सारखेच असते. चोवीस तारखेच्या रात्री आधी आजींचे पद, मग नातवाचे कॅरल. आणि सांताक्लॉज? त्याच्यावरही चर्चा झाली. तो मूळचा चौथ्या शतकातला मायराचा बिशप संत निकोलस. दुकानदारांच्या आधी तो मुलांचा होता, हे लक्षात घेऊन त्याला येऊ द्यायचे ठरले. “पण पाहुणा म्हणून,” शेजारी म्हणाले. “यजमान कोण, ते मुलांना ठाऊक असलं म्हणजे झालं.”

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या घरी फराळाचे डबे भरलेले असतील आणि चार पिढ्या नाही तरी तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतील. आपल्याही घरात कोणी आजी, आत्या, मावशी असेलच, की जिला भाऊबिजेची एखादी ओवी किंवा पाळणा येतो आणि जो दुसऱ्या कोणालाच येत नाही. तिला एकदा म्हणायला सांगा, आणि नुसते ऐकू नका, तिच्यामागून म्हणा. गाण्याला धर्म विचारण्याआधी त्याला वारस आहे का, हे विचारण्याची वेळ आली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर आता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची तयारी चालू आहे. पेटीचा भाता दुरुस्त होऊन आला आहे. नातवाला पदातले जुने शब्द अडतात, म्हणून मला अर्थांची यादी करून ठेवायला सांगितले आहे. पहिल्याच ओळीत त्याने तीन शब्दांखाली रेघा मारून पाठवल्या आहेत, आणि त्यांतल्या एकापुढे लिहिले आहे : “हा शब्द आजी रडत म्हणते. अर्थ नीट सांगा.”